आधी यातली संपू देत

रत्नागिरीच्या माणसाच्या खिशातून पैसा काढायचा म्हणजे कातळात विहीर खणायची, असं बाहेरचे लोक म्हणतात. म्हणू देत बापडे. पण कातळातल्या विहिरीला एकदा पाणी लागलं की ती पिढ्यान्‌पिढ्या पुरते, हे त्यांना कोण सांगणार? तेजस्वी डोर्लेकरला ते बरोबर उमगलं होतं, म्हणून तर माळनाक्यावरचं ‘पानोपान’ एवढी वर्षं तगलं.

‘पानोपान’ म्हणजे पुण्याच्या एका कंपनीची पुस्तकांची दुकानं. गावोगावी शाखा, सगळीकडे तोच पिवळा फलक, तीच काचेची दारं, तोच थंडगार एसी. रत्नागिरीत शाखा उघडली तेव्हा खालच्या औषधवाल्यापासून समोरच्या वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांनी भाकीत करून टाकलं, की वर्षभरात हे लोक गाशा गुंडाळणार. इथं माणसं पेपरसुद्धा शेजाऱ्याचा वाचतात, पुस्तकं कसली विकत घेतायत! पण दुकान चाललं. आणि ते तेजस्वीनं चालवलं, कुणी काही म्हणो.

तिची आई विमला मांडवीहून डोक्यावर माशांची टोपली घेऊन शहरात यायची. तिची घरं बांधलेली, म्हणजे ठरलेली. कुठल्या घरात सोमवार पाळतात, कुणाला गाबोळीचाच, म्हणजे अंड्यांनी भरलेलाच, मासा लागतो, कुठल्या सासूला काटे सोसत नाहीत, सगळं विमलाला तोंडपाठ. तेजस्वीनं तेच पुस्तकांना लावलं. शाखेची मॅनेजर झाली तरी ती काउंटरमागे बसायची नाही. डॉक्टर मुकादमांना लढायांचा इतिहास हवा, पण जाडजूड नको. बँकेतल्या सानिका मॅडमना खून हवा, पण तो पहिल्या पंधरा-वीस पानांतच पडलेला हवा. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा परदेशी गेलेला, हे बघून ती पुस्तक काढून ठेवायची. “तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय हां,” असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? कोकणातला माणूस एक वेळ देवाला नाही म्हणेल, पण तोंडावर माणसाला नाही म्हणताना त्याच्या जिवावर येतं.

धंद्याचा एक नियम मात्र विमलानं तिला घालून दिला होता. “गिऱ्हाइकापुढं आपलं रडगाणं गायचं नाय, बाय. घरात चूल पेटलेली नसली तरी हसत जायचं. रडलीस की त्यांना वाटतं, मासा शिळा हाय.” तेजस्वीनं तो गाठीला बांधला होता.

तिचा जीव होता त्या दुकानावर. उगाच अलंकारिक बोलण्यात अर्थ नाही, जीवच होता. त्या घरात टोपली डोक्यावर न घेता कमावणारी ती पहिली बाई. लग्न झालं, ते धड वर्षभरही टिकलं नाही, तेव्हा माहेरी परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती दुकानात उभी होती. सकाळी कुलूप काढून आत शिरलं की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे असं वाटणं बाजारात मिळत नाही.

मग लॉकडाउन आला आणि सगळ्याची माती झाली. लोकांना घरबसल्या मागवायची सवय लागली. दुकान उघडलं तेव्हा माणसं आली, नाही असं नाही. एसीत फिरली, पुस्तक उचललं, मुखपृष्ठाचा फोटो काढला, आणि “येतो हां पुन्हा” म्हणून गेली. ती कशाला येतायत! फोटो बघून मोबाइलवरून मागवलं की झालं.

गणपतीच्या आधी पुण्याहून गौरव आला. हा कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या शाखांचा साहेब. तिशीतला, गोड बोलणारा, घामानं थबथबलेला असला तरी जाकीट न काढणारा. त्यानं काउंटरवर एक काळी, पातळ वस्तू ठेवली. कंपनीनं स्वतःचा ई-रीडर काढला होता, पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र.

“मॅडम, नुसती पुस्तकं विकून आता दुकानं टिकायची नाहीत,” गौरव म्हणाला. “मार्चनंतर काही शाखा बंद होणार आहेत. हे अजून बाहेर बोलायचं नाही. पण ज्या शाखा रीडर विकतील त्यांची बाजू भक्कम राहील.”

“म्हणजे आम्ही भरपूर विकले तर दुकान राहील?”

“बाजू भक्कम राहील. मी एवढंच सांगू शकतो.”

तेजस्वीनं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. कुणीही लावला असता. मागे रघूकाका फडक्यानं कपाटं पुसत होते. रघूकाका दुकानातले मदतनीस, लांज्याकडचे, माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. त्या वेळी तिच्या ते लक्षात आलं नाही.

आता विकायचं तर कुणाला? रस्त्यानं जाणारा माणूस ही वस्तू घेणार नव्हता. ती घेतली असती तर पुस्तकं वाचणाऱ्यांनी. म्हणजे तिच्या बांधलेल्या घरांनी.

पहिले आले आंबर्डेकर सर. ते रोजच पहिले यायचे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, टिळक आळीत एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पार कॅनडात. दुकान उघडलं की सर जिना चढून यायचे, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे आणि एखादं पुस्तक निम्मं वाचून काढायचे. निम्मं झालं की उठून विकत घ्यायचे. “अर्धं फुकट वाचणं ही गरज,” ते म्हणायचे, “पूर्ण फुकट वाचणं ही चोरी.” एकेका पुस्तकावर सवलतीसाठी मात्र असे भांडायचे की रघूकाका बाहेर जाऊन बिडी ओढून यायचे.

तेजस्वीनं रीडर त्यांच्या हातात दिला. अक्षर मोठं करून दाखवलं. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते, याला काही होत नाही, असं सांगितलं. शेकडो पुस्तकं यात मावतात, रात्री दिवा लागत नाही. तिचं बोलणं असं चाललं होतं की आईनं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. आवाजात कुठं काळजी नाही, चेहऱ्यावर नुसतं हसू.

सर ऐकत होते. रीडरकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते.

“तुला वाटतं मी हे घ्यावं?”

“सर, माझ्या माणसाला मी कधी वाईट माल दिलाय?”

“दे मग.”

एवढंच! ना घासाघीस, ना सवलत. तेजस्वीला नवल वाटलं, मग हुरूप आला. तिला वाटलं, आपल्या जिभेवर आज सरस्वती बसलीय.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. डॉक्टर मुकादमांच्या दवाखान्यात ती दुपारी गेली, तर डॉक्टरांनी खोकाही उघडू दिला नाही. “ठेव, ठेव. तू आणलंयस म्हणजे चांगलंच असणार.” सानिका मॅडमनी घेतलं, त्यांच्या बँकेतल्या दोघींनी घेतलं. खालच्या आळीतल्या वकिलांनी घेतलं, थिबा पॅलेसकडच्या जोडप्यानं एकेक असं वेगवेगळं घेतलं. नवरात्रात ती घरोघर हळदीकुंकवाला गेल्यासारखी फिरली. रात्री घरी आली की पाय सुजलेले असायचे आणि चेहरा उजळलेला.

दिवाळीत गौरव फुलांचा गुच्छ घेऊन आला. सगळ्या शाखांत रत्नागिरी पहिली. त्यानं तेजस्वीचा आणि रघूकाकांचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. पुण्यामुंबईच्या दुकानांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. “मॅडम, तुम्ही रत्नागिरीत हे करून दाखवलंत!” गौरव म्हणाला. तेजस्वीनं त्याला आंबोळ्या आणि सुरमईचं कालवण खायला घातलं. दुकान वाचलं, या आनंदात तिला त्या रात्री झोपसुद्धा लागली नाही.

आणि मग हळूहळू दुकानात माणूस यायचा बंद झाला.

आधी तिला वाटलं, दिवाळीनंतर असं होतंच. मग वाटलं, लग्नसराई आहे. मग एक दिवस तिनं डॉक्टरांसाठी बाजूला ठेवलेलं पुस्तक घेऊन फोन केला. “छान, छान,” डॉक्टर म्हणाले, “पण ते यंत्र घेतलंय ना आता. आधी यातली संपू देत, मग बघू.” वकिलांनी तेच सांगितलं. थिबा पॅलेसच्या जोडप्यानं तेच सांगितलं, दोघांनी वेगवेगळं. आधी यातली संपू देत! जणू गावानं मिळून वाक्य पाठ केलं होतं.

तेजस्वीनं कपाळावर हात मारला. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? रत्नागिरीचा माणूस एकदा पैसे टाकून बसला की ते वसूल करूनच उठणार. लग्नात दिलेल्या आहेराचा हिशेब जेवणात काढणारे आम्ही. एवढं महागाचं यंत्र घरात असताना वर आणखी कागद कोण विकत घेईल? आपण आपल्या हातानं आपली घरं मोडली, हे तिला तेव्हा कळलं. पण निदान दुकान वाचलंय, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

घरी आईपाशी ती बोलली. विमला आता थकली होती, ओसरीवर बसून सुकट निवडत होती.

“गिऱ्हाइकाला गळ विकून आलीस गो तू,” विमला म्हणाली. “आता तुझा मासा कोण घेणार?”

“तुला काय कळतंय त्यातलं!” तेजस्वी खेकसली, आणि जेवण अर्धं टाकून उठली. राग आईचा नव्हता, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

सर मात्र अजून यायचे. पण आता ते पुस्तकाला हात लावत नव्हते. खिडकीजवळ बसायचे, मांडीवर रीडर. तो दुकानातच चार्जिंगला लावायचे आणि वायर पुरत नाही म्हणून स्टूल भिंतीकडे ओढून घ्यायचे. घरची वीज वाचवतायत, असं म्हणून रघूकाका हसायचे. तेजस्वीही हसायची. “सर, बरं चाललंय ना यंत्र?” ती विचारायची, इतक्या आशेनं विचारायची की दगडानंही हो म्हटलं असतं. “उत्तम!” सर म्हणायचे. “फार सोय झाली.” शिमग्याच्या सुमारास तेही यायचे थांबले. तिनं फोन केला तर म्हणाले, घरीच वाचत बसतो आता, जिना झेपत नाही.

रविवारी ती सगळ्यांकडे चक्कर मारायची. काही अडलंय का, यंत्रावर नवीन पुस्तकं उतरवून देऊ का. सगळे चहा पाजायचे, यंत्राची स्तुती करायचे. कुणाचं काही अडलेलं नसायचं. दुकानात आठवडाभर शुकशुकाट आणि बाहेर आपल्या मालाचं एवढं कौतुक, याचं काय करावं ते तिला कळेना.

एप्रिलमध्ये गौरव पुन्हा आला. या वेळी गुच्छ नव्हता. त्यानं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

“मॅडम, रत्नागिरी शाखा बंद करतोय आपण. मेअखेर.”

“पण आम्ही पहिले होतो.”

“हो ना. पहिलेच.” गौरवचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. “म्हणूनच. वरच्या लोकांनी बघितलं, रत्नागिरीचा वाचक पूर्णपणे रीडरवर गेलाय. तुमचे आकडेच तसं सांगतात. रीडर घेतल्यावर दुकानातली विक्री जवळपास थांबली. मग एवढं भाडं, वीज, पगार कशाला? या गावाला आता दुकानाची गरज नाही, असं ठरलं.”

“आणि बाकीच्या शाखा?”

“चिपळूण जाणार. सांगली ठेवतोय.”

“सांगलीनं तर रीडर विकलेच नव्हते! तुम्ही त्यांना ग्रुपवर झापलं होतंत.”

“नाही विकले. म्हणजे तिथं लोक अजून पुस्तकंच घेतायत. ती शाखा ठेवणं भाग आहे.”

ज्यांनी ऐकलं नाही ते राहिले, आणि जिनं ऊर फुटेस्तोवर ऐकलं तिचं दुकान बुडालं. हा कुठला न्याय? देवळातल्या गुरवानंसुद्धा असा कौल दिला नसता.

“तुम्ही म्हणाला होतात, बाजू भक्कम राहील.”

“तुमची बाजू भक्कमच आहे, मॅडम. मी तुम्हाला उत्तम प्रशस्तिपत्र देणार आहे.”

“चुलीत घाला ते प्रशस्तिपत्र!” ती ओरडली. रघूकाकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. “माझी माणसं होती ती! एकेक करून जोडलेली. तुमच्या डबड्यासाठी मी त्यांना दुकानातून घालवलं, आणि आता तुम्ही मलाच सांगता की त्यांना दुकान नको?”

गौरवनं खुर्चीवरचं जाकीट उचलून पुन्हा चढवलं. तोही बापडा कुणाचा तरी नोकर.

मे महिन्यात शहर मुंबईकरांनी आणि आंब्यांनी भरलेलं होतं. कंपनीनं पाठवलेले खोके पुरले नाहीत, तेव्हा रघूकाकांनी बाजारातून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या. पुठ्ठ्यावर हापूसची चित्रं, आत पुस्तकं. भरलेल्या पेट्या मोजून, चिकटपट्टी लावून गौरव प्रत्येकीवर सही करत होता. नंतर घोळ नको म्हणून.

शेवटच्या दिवशी लोक आले. बातमी लपते थोडीच! थिबा पॅलेसच्या जोडप्यानं विचारलं, यंत्राची वॉरंटी आता कुणाकडे? सानिका मॅडम येऊन हात हातात धरून उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खरंच त्या यंत्रावर ढीगभर खून वाचले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. एका गृहस्थांनी कपाटं विकणार का म्हणून चौकशी केली आणि लाकूड वाजवून बघितलं. तेजस्वी सगळ्यांशी हसून बोलली. काहीतरी दुसरं बघते, म्हणाली. तेव्हा कुणाला त्यातलं काही खरं वाटलं असेल असं वाटत नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

उन्हं उतरताना आंबर्डेकर सर आले. जिन्यावर तीनदा थांबले असावेत, कारण त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ येत होता. स्टूल कुणीतरी आधीच नेलं होतं. तेजस्वीनं एका भरलेल्या पेटीवर त्यांना बसवलं. ते वाळले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत रीडर.

“शेवटी नाहीच वाचलं म्हणायचं दुकान,” सर म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

“बंद होतंय ते? परवा.”

“नाही, वाचलं नाही म्हणालात ना. ते वाचवायचं होतं, हे कधी कळलं?”

सरांनी रघूकाकांकडे बघितलं. रघूकाका लगेच पाठ करून दोरी गुंडाळायला लागले.

“तेव्हाच. गणपतीच्या आधी,” सर म्हणाले. “रघू सगळ्यांना सांगत सुटला होता. साहेब येऊन गेला, ही यंत्रं खपली तर दुकान राहणार, नाहीतर पोरीची नोकरी जाणार. तू मला यंत्र दाखवलंस तोवर अख्ख्या आळीला ठाऊक होतं.”

तेजस्वीच्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं तिला झालं. “म्हणजे तुम्ही...”

“तू काही बोलली नाहीस, मग आम्ही कसं बोलणार? तू इतकी हसत हसत दाखवत होतीस. म्हटलं, पोरीचा मान राहू दे. मुकादम, वकील, सगळ्यांनी तसंच केलं. पैसा काय, येतो जातो.” हे वाक्य रत्नागिरीत फार जपून उच्चारलं जातं. सरांनी ते सहज उच्चारलं.

“पण यंत्र तर चांगलं आहे ना, सर? तुम्ही म्हणायचात, सोय झाली.”

सर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. “मला नाही गो त्यावर वाचता येत. दोन पानं झाली की डोळ्यांतून पाणी यायला लागतं. बोट कुठं लागतं कळत नाही, भलतंच काहीतरी उघडतं. तू विचारायचीस म्हणून मांडीवर घेऊन बसायचो.”

“मग पुस्तक का नाही घेतलंत? कपाट समोर होतं! रोज समोर होतं!”

“तुझ्यासमोर पुस्तक घेतलं असतं, तर तुला कळलं असतं की यंत्र नाही जमलं. तुला वाईट वाटलं असतं. मग म्हटलं, यायचंच नको. समोर पुस्तकं आणि हातात हे, बघवत नव्हतं. मुकादमांनी तर खोका उघडलेलासुद्धा नाही. पण तुला तसं कसं सांगायचं? सगळे म्हणायचे, आधी यातली संपू देत.”

म्हणजे तो चिक्कूपणा नव्हता. जगानं आम्हाला चिकट म्हणून हसावं, आणि आम्ही मात्र भिडेपायी मरावं! तिनं गिऱ्हाइकापुढं रडायचं नाही म्हणून तोंड शिवून घेतलं, आणि गिऱ्हाइकानं तिला दुखवायचं नाही म्हणून. दोघांच्या मध्ये उभं असलेलं दुकान दोघांनी मिळून पाडलं.

“तू तेव्हाच यंत्राऐवजी पुस्तकं घ्या म्हणाली असतीस, तेजू,” सर हळूच म्हणाले, “तर आम्ही पुस्तकं घेतली असती.”

तेजस्वी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला होता.

“मग इतके महिने तुम्ही काय वाचताय?” तिनं शेवटी विचारलं.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“पेपर वाचतो. औषधांच्या पाकिटावरचं वाचतो.” ते हसले, पण ते हसणं पाहवत नव्हतं. “सवय मोडली की मोडली. दुपार जात नाही एवढंच. म्हणून म्हटलं, आज शेवटचा दिवस, यंत्र काय मेलं जाऊ दे, एक पुस्तक घेऊन जावं. मिळेल का एखादं? कुठलंही. तू देशील ते.”

तिला ठाऊक होतं, कुठलं. जुन्या बंदरांवरचं एक जाड पुस्तक होतं, नकाशे असलेलं, पौषात आलेलं. आल्या दिवशीच तिनं ते सरांसाठी बाजूला ठेवलं होतं, आणि “आधी यातली” म्हणून त्यांनी नाकारल्यावर परत कपाटात सरकवलं होतं. ती ताडकन उठली. काउंटरवरचा कटर उचलला आणि दाराजवळच्या पेटीची पट्टी फाडली.

“मॅडम!” गौरव धावत आला. “मॅडम, मोजणी झालीय. सह्या झाल्यात.”

“होऊ देत.”

“बिलिंग बंद केलंय मी. विकता येणार नाही आता.”

“मी विकत नाहीये,” ती म्हणाली, आणि दुसरी पेटी फाडली. पुस्तकं जमिनीवर पसरली. स्वयंपाकाची, स्पर्धा परीक्षांची, लहान मुलांची. त्यात ते नव्हतं. तिनं तिसरी पेटी ओढली. रघूकाका मदतीला पुढे आले आणि गौरवच्या चेहऱ्याकडे बघून मधेच थांबले. जिन्यातून हमाल वर येऊन दारात उभे राहिले होते. गौरव फोन काढून कुणाला तरी लावायला लागला.

सर पेटीवरून उठले. त्यांचा चेहरा अगदी कसनुसा झाला होता. आपल्यापायी हा एवढा गोंधळ, ही फोडलेली खोकी, हा साहेबाचा चढलेला आवाज, ते त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

“नको गो, नको,” ते म्हणाले. “राहू दे. मी आपलं सहज विचारलं.”

“सापडेल सर, थांबा. इथेच आहे.”

“अगो राहू दे म्हणतो ना. साहेबांना उगाच त्रास. आणि माझ्याकडे हे आहे की.” त्यांनी पिशवी उंच करून गौरवला दाखवली, जणू त्यालाच पटवायचं होतं. “चांगलं आहे हो यंत्र. फार चांगलं आहे.”

तिनं चौथी पेटी उपडी केली आणि ते पुस्तक वरच आलं. पण तोवर सर दाराबाहेर पडून हमालांच्या मधून वाट काढत जिना उतरायला लागले होते. पुस्तक छातीशी धरून ती कठड्यापाशी धावली.

“सर! मिळालं! सर, घेऊन जा ना!”

सर खालच्या वळणावर होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसता हात हलवला. गौरव आणि ते चार हमाल तिच्या मागे उभे होते, आणि सरांचा आवाज मुद्दाम त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता.

“नको गो, ठेव ते. वाचीन मी यंत्रावरच. होईल सवय.”